घरकर्जाचा एजंट : त्याला काय द्यावे, काय देऊ नये



मार्च-एप्रिल आला की आपल्या वस्त्यांतून घराच्या गोष्टी सुरू होतात. कुणी निवृत्तीला आलेला असतो, फंडाचे पैसे हाती येणार असतात. कुणाच्या मुलाचे लग्न ठरलेले असते आणि दहा बाय बाराच्या खोलीत सून आणायची कशी, हा प्रश्न आईच्या डोक्यात घोळत असतो. मग रविवारी सगळे घर टिटवाळा, बदलापूर, वांगणी, नाहीतर विरारची वाट धरते. फ्लॅट बघून झाला की बिल्डरच्या ऑफिसातच एक तरुण भेटतो. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाईल. "काका, कर्जाचं माझ्यावर सोडा. बँकेची पायरीसुद्धा चढायला लागणार नाही तुम्हाला." आज या तरुणाविषयी लिहायचे आहे, कारण गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे त्याच्याविषयीच होते.

एजंट म्हटले की तो लुबाडणाराच, असे मी म्हणणार नाही. बँका आणि घरकर्ज देणाऱ्या कंपन्या असे एजंट स्वतःच नेमतात. त्यांच्या भाषेत त्याला डीएसए म्हणतात. फाईल तयार करणे, कागद गोळा करणे, बँकेत पोचवणे हे त्याचे काम. कर्ज मंजूर होऊन पैसे सुटले की बँक त्याला कमिशन देते. म्हणजे त्याची मजुरी बँक भागवते. तरीही तो तुमच्याकडे "फाईल चार्ज" म्हणून वीस-तीस हजार रोख मागत असेल, तर तो एकाच कामाचे दोन ठिकाणी पैसे घेतो आहे. बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाच्या तपासणीचा आणि मूल्यांकनाचा खर्च हे खरे खर्च आहेत. पण ते बँकेच्या नावाने भरायचे आणि पावती घ्यायची. एजंटच्या खिशात रोख रक्कम टाकायची नाही.

कमिशन बँकेकडून मिळते याचा दुसराही अर्थ आहे. कर्ज जितके मोठे तितके त्याचे कमिशन मोठे. शिवाय जी संस्था जास्त कमिशन देईल, तिकडे तुमची फाईल वळवण्याचा मोह त्याला होणारच.

आमच्या ओळखीतल्या एका भगिनींचे उदाहरण सांगतो. यजमान महापालिकेत सफाई कामगार, वय एक्कावन्न. मुलगा चोवीस वर्षांचा, कुरिअर कंपनीत. फ्लॅट २४ लाखांचा. एजंटने सांगितले, "करारनामा २८ लाखांचा दाखवू, म्हणजे सगळी रक्कम बँकच देईल, तुम्हाला खिशातून काही घालायला नको. मुलाचा पगार थोडा कमी पडतोय, पण पगारपत्रक मी करून देतो." ताईंना हे फार सोयीचे वाटले. वाटणारच. साठवलेले पैसे मुलीच्या शिक्षणात गेलेले, आणि समोर माणूस म्हणतो खिशातून काही नको.

आता हिशेब बघा. ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उरलेले आपले. शिवाय घर १० लाखांवरचे असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरत नाहीत, ती वेगळी उभी करावी लागते. शहरी भागात मुद्रांक शुल्क साधारण ६ ते ७ टक्के, नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. म्हणजे २४ लाखांच्या घराला पावणेदोन ते दोन लाख इथेच जातात. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. घर ताईंच्या नावावर, आणि कर्जात यजमान व मुलगा सहकर्जदार, असे करता येते का हे बँकेत विचारावे. एजंट हे आपणहून सांगत नाही; त्यात त्याला काही मिळत नाही.

करारनामा फुगवला तर काय होते? शुल्क फुगलेल्या किमतीवर भरायचे. व्याज फुगलेल्या कर्जावर, वीस वर्षे. आणि खोटे पगारपत्रक लावले तर अर्जावर सही तुमची असते, एजंटची नव्हे. उद्या प्रकरण उघडकीस आले तर बनावट कागद दिल्याचा गुन्हा तुमच्यावर. यजमान महापालिकेचे नोकर; असा गुन्हा नोकरीवर आला तर पेन्शनपर्यंत त्याची झळ जाते. एजंटचा मोबाईल त्या दिवशी बंद लागतो.

त्याहून मोठा धोका हप्त्याचा. बँक पगार बघून हप्ता ठरवते, त्यामागे कारण असते. पगार खोटा दाखवला म्हणून हप्ता भरण्याची ताकद वाढत नाही. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खाते थकीत ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि तेवढ्यात रक्कम भरली नाही तर कोर्टात दावा न लावताही बँक घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. दहा बाय बाराची खोली विकून घेतलेले घर असे गेले तर ते कुटुंब राहायला जाणार कुठे?

ताईंच्या यजमानांचा पगार ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत जमा होतो, तिथे आम्ही दोघे मिळून गेलो. पगारपत्रके, फॉर्म १६, सहा महिन्यांचे खाते एवढ्यावर साहेबांनी अर्ज घेतला. कर्ज २० लाखांचे. यजमानांच्या निवृत्तीला नऊ वर्षे, पण मुलगा सहकर्जदार असल्याने मुदत वाढवून मिळाली. सहकर्जदार म्हणजे नुसती सही नव्हे, पूर्ण कर्जाची जबाबदारी त्याच्यावरही आहे, हे मुलाला समोर बसवून सांगितले. त्याने लग्नाआधी मोटारसायकल घेण्याचा बेत पुढे ढकलला.

व्याजाच्या दराकडे आपण "अर्धा टक्का काय तो" म्हणून बघतो. समजा २० लाख, वीस वर्षे, ९ टक्के. हप्ता सुमारे १७,९९५ रुपये. साडेनऊ टक्के झाले तर सुमारे १८,६४३. महिन्याला साडेसहाशेचा फरक, वीस वर्षांत दीड लाखाच्या वर. मुदतीचा फरक त्याहून मोठा. तेच २० लाख ९ टक्क्यांनी पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे २०,२८५, म्हणजे दरमहा २,३०० जास्त. पण एकूण भरणा साडेसहा लाखांहून अधिकने कमी. एजंट नेहमी लांबची मुदत आणि लहान हप्ता दाखवतो. लहान हप्ता मनाला बरा वाटतो.

रिक्षा चालवणारे, घरकाम करणाऱ्या भगिनी, भाजीचा धंदा करणारे यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे पगारपत्रक नसते, बँक दारातूनच परत पाठवते. अशांना छोट्या घरकर्ज कंपन्या कर्ज देतात आणि तिथे जाणकार एजंटचा खरा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र या कंपन्यांचा दर बँकेपेक्षा दोन-चार टक्के जास्त असू शकतो. आणखी एक फरक असा, की १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी घरकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. कंपन्यांवर ते बंधन नाही, त्या आपला दर आपण ठरवतात. तेव्हा जिथे दुसरा दरवाजा उघडा असेल तिथे कंपनीकडे जाऊ नये.

एजंट घ्यायचाच असेल तर तो कोणत्या बँकेचा, हे त्याच्या ओळखपत्रावरून बघा आणि त्या शाखेत जाऊन विचारून या. अर्धा दिवस रजा पडली तरी चालेल. एकाच वेळी पाच बँकांत फाईल टाकू देऊ नका. प्रत्येक बँक तुमची सिबिलची माहिती मागवते, त्याची नोंद राहते आणि गुण घसरू शकतात. स्वतःचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधीच काढून बघावा. मोबाईलचा जुना हप्ता थकलेला असला तर तिथे दिसतो. कोऱ्या फॉर्मवर सही नाही, कोरे चेक नाहीत, ओटीपी सांगायचा नाही, मूळ कागद एजंटच्या हाती द्यायचे नाहीत. कर्ज घेताना बँकेने एक पत्रक देणे बंधनकारक आहे, त्यात व्याज, सगळ्या फिया आणि वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत लिहिलेला असतो. ते मराठीत मागा. त्यात विम्याचा हप्ता कर्जात मिळवलेला दिसला तर थांबून विचारा. विमा त्याच कंपनीचा घेतला पाहिजे असा नियम नाही.

बदलत्या दराचे कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड लागत नाही. बोनस, एरियर्स आले की मुद्दलात भरावेत. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. संस्थेच्या दोषामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. म्हणून कागद जमा करताना यादीवर शिक्का घेऊन ठेवा.

"बँकेने प्रोजेक्ट पास केलाय" या एजंटच्या वाक्यावर विसंबू नये. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली होती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबेही त्यांत होती. घर तोडले तरी कर्ज राहते. रेरा क्रमांक बघाच, पण बांधकाम परवानगीची प्रत घेऊन नगरपालिकेत वा महापालिकेत ती खरी आहे का हेही विचारा.

एजंटने फसवले तर तक्रार लेखी, बँकेच्या नावाने करा. आपल्या एजंटच्या वागणुकीची जबाबदारी बँकेवर असते. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, फी लागत नाही. घरकर्ज कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे.

एका भगिनीने म्हाडाच्या सोडतीसाठी एजंट कुठे भेटेल, असे विचारले आहे. कुठेही नाही. म्हाडाने एजंट नेमलेला नाही आणि सोडतीत नाव आणून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. घर लागले तर कर्जासाठी म्हाडाचे ना-हरकत पत्र लागते, ते म्हाडाच्या कचेरीतूनच मिळते.

पतपेढीचे कर्ज काढून घराची अनामत भरावी का, असे दोघांनी विचारले आहे. त्याविषयी पुढच्या अंकात.