समुपदेशकाची खोली कुठे असावी?

पावसाळा सुरू झाला की आमच्या ओपीडीत ताप, जुलाब आणि डेंग्यूच्या संशयितांची रीघ लागते. त्या गर्दीत दरवर्षी काही शाळकरी मुलं अशी असतात, ज्यांचं पोट रविवारी कधीच दुखत नाही. सोमवारी सकाळी दप्तर पाठीवर घेताना दुखायला लागतं. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त-लघवी नॉर्मल. आई वैतागून विचारते, "डॉक्टर, नाटकं करतोय का हो हा?" नाटक नसतं. दुखणं खरंच असतं. ते जिथून येतं ती जागा सोनोग्राफीत दिसत नाही, एवढंच.

अशा मुलाबरोबर हल्ली कधीकधी शाळेची चिठ्ठी येते आणि तिच्यावर समुपदेशकाची सही असते. ती चिठ्ठी पाहिली की मला बरं वाटतं. माझं निम्मं काम कुणीतरी आधीच केलेलं असतं. पण चिठ्ठी क्वचितच येते. त्याहून जास्त वेळा पालक सांगतात, "आमच्या शाळेत वेगळं माणूस कशाला हवंय? फादर आहेत, सिस्टर आहेत, त्या घेतात की समजावून."

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोणावळ्यात डॉन बॉस्को, ऑक्झिलियम, ऑल सेंट्स ही शाळांची नावं कुठल्याही रिक्षावाल्याला सांगा, तो पत्ता विचारणार नाही. डॉन बॉस्को (१८१५-१८८८) हे इटलीतल्या तुरिनचे धर्मगुरू. कामाच्या शोधात शहरात आलेल्या, रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांमध्ये त्यांनी आयुष्य घालवलं. १८७७ मध्ये त्यांनी आपली शिक्षणपद्धती लिहून काढली. चूक झाल्यावर छडी उगारण्यापेक्षा मोठ्यांनी आधीपासूनच मुलांमध्ये, खेळाच्या मैदानात वावरावं, म्हणजे चूक होण्याची वेळच कमी येते, हे तिचं सार. १८७२ मध्ये मारिया माझारेल्लो यांच्यासोबत त्यांनी सिस्टरांची संस्थाही स्थापन केली. मानसशास्त्र हा विषय विद्यापीठात नीट रुजण्याआधीची ही गोष्ट आहे. मुलाचं ऐकून घेण्याची परंपरा या शाळांना आहे आणि सरकारी नोकरीत तीसेक वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला तिचा थोडा हेवाही वाटतो.

तरीही समुपदेशक वेगळा हवा, असं माझं ठाम मत आहे. पहिलं कारण अगदी व्यवहारातलं. ज्या सिस्टर मायेने जवळ घेतात, त्याच मुख्याध्यापिका असतात. शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या सहीने मिळतो आणि डायरीतला लाल शेराही त्यांचाच असतो. चौदा वर्षांचं मूल हा हिशेब मोठ्यांपेक्षा लवकर करतं.

दुसरं कारण जरा खोलातलं आहे. कॅथलिक धर्मात पापनिवेदन आहे. धर्मगुरूच्या कानावर तिथे जे पडतं ते त्याने कुणालाही सांगायचं नसतं, त्याला अपवाद नाही. समुपदेशकाकडे बोललेलंही गुप्त राहतं, पण अट घालून. मुलाच्या जिवाला धोका असेल, त्याच्याकडून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तर समुपदेशकाला गप्प बसता येत नाही, आणि ही अट त्याने पहिल्याच भेटीत मुलाला सांगायची असते. शिवाय पापनिवेदनात बोलणारा आपली चूक सांगायला आलेला असतो. समुपदेशकाकडे आलेल्या मुलाची बहुधा काहीच चूक नसते, आणि नेमकं तेच त्याला कुणीतरी सांगावं लागतं. या दोन खोल्या एक झाल्या की मूल गोंधळतं.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. तेव्हा माझी नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नववीतली एक मुलगी शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी झटके येऊन पडायची. मी अपस्माराच्या गोळ्या सुरू केल्या. झटका येताना तिचे डोळे घट्ट मिटलेले असत, पापणी उघडायला गेलं तर ती आणखी आवळे. अपस्माराच्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, हे मी एमबीबीएसला शिकलो होतो. ईईजी नॉर्मल आला, तरी गोळ्यांचा डोस मी वाढवत राहिलो. तिला एकटीला बसवून काही विचारावं, हे वर्षभरात मला सुचलं नाही. समोर दीडशे पेशंटची रांग असायची, हे कारण आहे, सबब नाही.

तिच्या मिशनरी शाळेत एक समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोन दिवस येत. त्यांना स्वतंत्र खोली नव्हती. आजारी मुलांना झोपवायची खोली होती, तिथेच त्या बसत. झटका आला की मुलगी आपोआप त्यांच्यासमोर येई. दोन महिने त्यांनी तिला काहीही खोदून विचारलं नाही. मग एक दिवस मुलगी बोलली. घरातलाच एक नातेवाईक होता. मॅडमनी तिला आधी सांगितलं, "हे मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही, पण जे करेन ते तुला सांगून करेन." शाळेचं म्हणणं पडलं की पालकांना बोलावून समज द्यावी, पोलीस कशाला, शाळेचं नाव निघेल. मॅडम पोलीस ठाण्यात गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचा करार वाढवला गेला नाही. मुलीचे झटके हळूहळू थांबले आणि तिच्या गोळ्या मीच बंद केल्या.

तिचे झटके ढोंग नव्हते, हे मुद्दाम लिहितो. असह्य झालेल्या मनाचा शरीराने काढलेला तो मार्ग असतो आणि तो त्या मुलाच्या ताब्यात नसतो.

कायदा इथे संदिग्ध नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असलेल्या कुणीही ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. न दिल्यास कलम २१ प्रमाणे शिक्षा आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळा अल्पसंख्याक आहे की सरकारी, याने काही फरक पडत नाही. मी स्वतः डॉक्टर म्हणून त्याच कलमाखाली येतो.

आता दुसऱ्या टोकाची अडचण. आपल्याकडच्या मिशनरी शाळांतली बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नसतात. बंगल्याच्या वॉचमनची मुलगी, चिक्कीच्या दुकानदाराचा मुलगा, नौदलातल्या वडिलांच्या बदलीबरोबर शाळा बदलणारं मूल, कामशेत-मळवलीहून लोकलने येणारी पोरं. त्यांच्या काही पालकांना भीती असते की समुपदेशनाच्या नावाखाली धर्म शिकवतील. खोलीत क्रूस असावा की नसावा, यावर मी वाद घालणार नाही. पण समुपदेशनात धर्म यायचा तर तो मुलाने आणावा, समुपदेशकाने नव्हे. प्रार्थनेने मुलाला शांत वाटत असेल तर उत्तमच, मात्र नैराश्य आलेल्या मुलाला "तुझी श्रद्धा कमी पडते" असं सांगणं म्हणजे मधुमेह्याला "तुझी इच्छाशक्ती कमी" म्हणण्यासारखं आहे.

ख्रिस्ती मुलांचेही स्वतःचे प्रश्न असतातच. आपल्या हातून पाप घडलं या भीतीने एखादं मूल पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला जातं, तरी त्याचं समाधान होत नाही. वारकरी घरातली एखादी मुलगी सोवळं मोडलं म्हणून तासभर हात धूत बसते. आजार एकच, मंत्रचळ. तो फक्त घरात सापडेल त्या सामानावर उभा राहतो. जाणत्या समुपदेशकाला हे ओळखता येतं, आणि समजूतदार धर्मगुरू अशा मुलाला स्वतःहून त्याच्याकडे पाठवतो.

गरज किती मोठी आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. वरच्या वर्गांत सहाशे मुलं असतील तर चाळीसेक झाली. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. विशाखापट्टणममधल्या 'नीट'ची तयारी करणाऱ्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा.

नेमणुका होतील. मला काळजी आहे ती नेमलेल्या माणसाचं शाळा काय करते याची. समुपदेशकाला नीतिशिक्षणाचे तास दिले जातात, गैरहजर शिक्षकांचे वर्ग दिले जातात, स्नेहसंमेलनाचं निवेदनही त्याच्याच गळ्यात पडतं. दंगा करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून त्याच्याकडे पाठवतात आणि मग बाकीची मुलं तिथे फिरकत नाहीत. खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून असेल तर आत जाणारं प्रत्येक मूल अख्ख्या स्टाफरूमला दिसतं. खोली वाचनालयाजवळ असावी, जिथे मुलं एरवीही जातात. दाराला काच असावी, म्हणजे मूलही सुरक्षित आणि समुपदेशकही. नोंदी ऑफिसच्या कपाटात नसाव्यात, आणि प्रवेश किंवा निकालाच्या निर्णयात समुपदेशकाला ओढू नये.

शिक्षकांची एक भीती मला वारंवार ऐकू येते. जीव द्यावासा वाटतो का, असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार आपण घालू. तसं होत नाही. सरळ आणि शांतपणे विचारल्याने मुलाला बहुधा सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नये, त्याच दिवशी घरच्यांना सांगावं आणि दवाखान्यात आणावं. समुपदेशक औषध देऊ शकत नाही, देऊही नये. तिथून पुढे आमचं काम.

आणि शंभरच्या आतल्या शाळा? आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात अशा कितीतरी वाड्यावस्त्यांवरच्या शाळा आहेत. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असं त्याच निकालात म्हटलं आहे. लोणावळा-तळेगावातल्या मोठ्या शाळांनी आपल्या समुपदेशकाचा महिन्यातला एक दिवस या शाळांना दिला तर सुरुवात होईल. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक ही सोय आहे, तिथे मुलाला विनासंकोच न्यावं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. अत्याचाराच्या किंवा संकटातल्या मुलासाठी १०९८. हे दोन आकडे शाळेच्या फळ्यावर, सुविचाराच्या शेजारी लिहायला खडूच लागतो.