लहान मुलांची घरची शाळा

दरवर्षी जून महिना उजाडला म्हणजे जुन्नर व आंबेगाव या आपल्या दोन्ही तालुक्यांत एक दृश्य नियमाने दिसू लागते. नारायणगावच्या अगर मंचरच्या रस्त्यावर, भर पावसात, एखादी माता आपल्या तीन वर्षांच्या बालकास कडेवर घेऊन शाळेच्या गाडीची वाट पाहत उभी असते. बालकाच्या पाठीवर त्याच्या देहाच्या मानाने मोठे दप्तर असते. गाडी येते, मूल रडते, दार लागते. मातेचेही डोळे भरून येतात. परंतु "आज घातला नाही, तर मागे पडेल," असे म्हणून ती आपल्या मनाची समजूत घालते.

या मातेस दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तिचे भय प्रेमातूनच उपजलेले आहे. तथापि हे भय कितपत खरे आहे, आणि त्याच्यापायी आपण कोणते धन गमावीत आहो, याचा शांतपणे विचार करणे हे आपणा पालकांचे कर्तव्य होय.

मी स्वतः याच भयाने चुकलो आहे. माझी थोरली कन्या चार वर्षांची असता मी तिला रोज सायंकाळी पाटी देऊन बसवीत असे. बाराखडी आणि इंग्रजी मुळाक्षरे दोन्ही एकदमच! अक्षर चुकले की माझा आवाज चढे. दोन महिन्यांनी असे झाले की, माझी पावले अंगणात वाजताच ती आजीच्या पदराआड लपू लागली. पाटी तिला नकोशी झाली होती, आणि पाटीबरोबर थोडासा मीही. ती पुढे वाचावयास शिकली खरी, पण ती आजीपाशी गोष्टी ऐकून व चिंचोके मांडून शिकली, माझ्या घाईने नव्हे. शिक्षकाच्या घरी हे घडावे, ही लाज मी आज मुद्दाम सांगत आहे.

कायद्याकडे पाहिले तरी घाईचे कारण दिसत नाही. 2009 सालच्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सक्तीचे शिक्षण सांगितले आहे ते सहा ते चौदा वर्षांच्या मुलांकरिता. 2020 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ ही पाच वर्षे एक पायरी मानून तीत खेळ, गोष्टी व कृती यांवर भर दिला आहे. सहावे वर्ष लागल्यावर मूल शाळेत आलेच पाहिजे, हे मी आग्रहाने सांगेन. परंतु त्यापूर्वीची दोन-तीन वर्षे ही देवाने मुख्यत्वे घराच्या स्वाधीन केलेली आहेत. गावची अंगणवाडी त्या कामी घराची सोबतीण आहे. तिच्याकडे पाठ फिरवू नये. 1945 साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र काढणाऱ्या ताराबाई मोडक यांनी, मुले शाळेकडे येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली, हे विसरता कामा नये.

घरच्या शिक्षणाचे सर्वांत मोठे उदाहरण शोधावयास आपणास दूर जावे लागत नाही. ज्यांचे मुक्तिसदन आपल्याच जिल्ह्यात केडगाव येथे उभे आहे, त्या पंडिता रमाबाई कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचा जन्म 1858 सालचा. त्यांचे पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि वृद्धापकाळामुळे त्यांस कन्येला शिकविणे जमेना, तेव्हा ते काम मातेने पत्करले. रमाबाई तेव्हा सुमारे आठ वर्षांच्या होत्या. दिवसभर घरचा व्याप असल्यामुळे लक्ष्मीबाई पहाटे मुलीस जवळ घेत, गोड शब्दांनी जागे करीत, आणि पाखरांच्या किलबिलाटात तोंडी धडे देत. पुस्तक म्हणजे आईचे मुख, एवढेच! अशा रीतीने शिकलेल्या या कन्येस 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली. पुढे अमेरिकेत गेल्यावर रमाबाईंनी फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, आणि 1889 साली शारदासदन काढले तेव्हा ती पद्धती इकडे आणली. मला वाटते, खेळातून शिक्षण हे तत्त्व त्यांना परके वाटले नसावे. आईच्या मांडीवर ते त्यांनी अनुभविलेच होते.

पवित्र शास्त्रातही हाच धडा आहे. तीमथ्याचा विश्वास प्रथम त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता, असे पौल सांगतो. तेथे शाळेचे नाव नाही. आजी आणि आई यांची नावे मात्र कायमची राहिली आहेत.

आता प्रत्यक्ष वर्षाची आखणी कशी असावी? पहिला नियम असा की, ती थोडी असावी. सकाळी दहा मिनिटे: एक लहान प्रार्थना व एक गीत. दिवसा आईच्या कामात हातभार: शेंगा सोलणे, वाट्या मोजून लावणे, मोठे-लहान कांदे निवडणे, यातच गणित आले. सायंकाळी वीस मिनिटे एक गोष्ट. आपल्या भागात बिबट्याच्या भयाने तिन्हीसांजेला मुलांस घरात घ्यावेच लागते; ती वेळ मोबाइलच्या हाती न देता गोष्टीच्या हाती द्यावी.

दुसरा नियम असा की, वर्ष हे आपल्या मातीच्या व मंडळीच्या ऋतूंवर आखावे. ज्येष्ठ-आषाढात पाऊस पडतो, पश्चिमेकडे भाताची लावणी होते. तेव्हा सृष्टीच्या उत्पत्तीची व नोहाच्या तारवाची गोष्ट सांगावी, ओल्या फडक्यात मटकी मोड आणून दाखवावी आणि पेरणाऱ्याचा दाखला शेताच्या बांधावर बसून सांगावा. श्रावण-भाद्रपदात रानफुले गोळा करून त्यांचे रंग व पाकळ्या मोजाव्या. भाताची कापणी आली म्हणजे रूथेची गोष्ट घ्यावी. सरवा वेचणे म्हणजे काय, हे शहरातल्या मुलास समजावून सांगावे लागते, आपल्या मुलास नाही. आगमनकाळाच्या चार रविवारी एकेक पणती वाढवीत जावे. त्या दिवसांत शेतांत मेंढ्या बसवलेल्या असतात. नाताळच्या मेंढपाळांची गोष्ट त्या कळपाजवळ उभे राहून सांगितली, तर ती जन्मभर विसरली जाणार नाही. पुढे उपवासकाळात रोज मूठभर धान्य गरजवंताकरिता बाजूस काढण्याची सवय लावावी. उत्तम शुक्रवार व पुनरुत्थानाचा दिवस मुलांस भीती न घालता, प्रेमाची कथा म्हणून सांगावे. वैशाखात करवंदे, आंबे, हिरडा आणि मामाचे गाव; तेव्हा धडा मुळीच नको.

अक्षरांची घाई नको. पाचवे वर्ष लागल्यावर, मूल आपण होऊन विचारू लागले म्हणजे, त्याच्या स्वतःच्या नावापासून आरंभ करावा. आठवड्यास एक अक्षर पुरे. ते धुळीत बोटाने काढावे, पिठात काढावे, मग पाटीवर. अक्षर चुकल्यास पुसून हसावे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, "आम्ही दिवसभर मजुरीस जातो, आम्हांस वाचता येत नाही, आम्ही काय शिकविणार?" हा आक्षेप खरा आहे, व तो मी हलका लेखीत नाही. ज्या घरी कोणीच नाही, तेथे अंगणवाडीच खरा आधार. परंतु सायंकाळची वीस मिनिटे ही भाकरी भाजतानाही देता येतात, आणि गोष्ट सांगण्यास वाचता यावे लागत नाही. जात्यावर बसून लेकरांना घडविणाऱ्या आमच्या आज्यांपैकी कितीजणींस अक्षर येत होते?

दुसरा आक्षेप असा की, घरात शिकलेले ख्रिस्ती मूल एकलकोंडे होईल. ते तसे होऊ देऊ नये. घरची शाळा म्हणजे कुंपण नव्हे. गोष्टीच्या वेळी शेजारची मुले, मग ती कोणत्याही धर्माची असोत, ओट्यावर आली, तर त्यांस आनंदाने बसू द्यावे. आणि त्यांच्या आजीची गोष्ट आपल्या मुलास ऐकू द्यावी. प्रभूने बालकांस जवळ घेतले तेव्हा त्यांची जात विचारली नाही.

विद्यार्थ्यांनो, हा लेख केवळ तुमच्या आईबापांकरिता नाही. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी धाकटे भावंड आहे. आई शेतावरून थकून येते. तुम्हांस मात्र वाचता येते. रोज दहा मिनिटे त्याला मांडीवर घेऊन एक पान वाचून दाखवा. तुमची परीक्षा त्याने बुडणार नाही. उलट, जे दुसऱ्यास समजावून सांगता येते, तेच आपणास खरोखर समजलेले असते.

आपल्या भागातला द्राक्षबागायतदार नवी वेल लावतो, तेव्हा पहिल्या वर्षी तिच्याकडे घड मागत नाही. तो तिला आधार देतो, पाणी देतो, मांडवापर्यंत चढू देतो. छाटणी आणि फळ यांचा काळ पुढे येणारच असतो. वेलीविषयी जे शहाणपण आपणांपाशी आहे, ते आपल्या लेकरांविषयी नसावे काय? येत्या जूनमध्ये रस्त्यावर उभे राहण्यापूर्वी प्रत्येक मातापित्याने हा प्रश्न एकदा स्वतःस विचारावा, एवढीच माझी नम्र विनंती आहे.