भयानक रसाचे तिकीट

बडोद्यातील जुन्या मराठी घरांपैकी ज्याचे एखादे मूल अमेरिकेत नाही असे घर आता शोधावे लागेल. आईवडिलांनी तिकडे जाण्याचे मोसमही ठरून गेले आहेत; एक उन्हाळ्याचा, दुसरा आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमाराचा. या दुसऱ्या मोसमात जाणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास येतो, आणि तो दिसतो तितका पोरकट नाही. थीम पार्क म्हणतात ती तिकडची मोठी करमणुकीची उद्याने हॅलोविनच्या निमित्ताने रात्री भुताखेतांचे खेळ मांडतात. त्याचे तिकीट वेगळे व बरेच महाग. प्रौढ माणसाने त्यात जावे काय? गेल्यास त्याला मौज वाटेल काय?

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो थोरल्या बहिणीमुळे. ताईने साठी गाठली आहे. मेहुणे जाऊन दोन वर्षे झाली. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात ती अडीच महिने इस्पितळातच राहिली होती. तिचा मुलगा फ्लोरिडात असतो. त्याने फोन करून विचारले, "मामा, आम्ही सगळे हॉरर नाइट्सना जाणार आहोत. आईला न्यावे की घरीच ठेवावे? ती घाबरेल असे वाटते." 2014 साली गायनाच्या एका शिबिरासाठी गेलो असता मी स्वतः अशी एक रात्र हिंडलो होतो, म्हणून हा सल्ला माझ्याकडे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हॅलोविन हा 31 ऑक्टोबरचा सण. आयर्लंड-स्कॉटलंडकडची माणसे तो अमेरिकेत घेऊन गेली; मायदेशी ती सलगम कोरून दिवा ठेवीत, नव्या देशात त्या जागी भोपळा आला. पुढे त्यातून मोठा धंदा झाला. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्मने 1973 साली भुतांच्या रात्री सुरू केल्या. ओर्लँडोच्या युनिव्हर्सलने 1991 साली. आता ओर्लँडोत हा 31 ऑक्टोबरचा सण ऑगस्ट संपता संपताच सुरू होतो. (आपल्या गणपतीच्या वर्गण्यांना कोणी हसू नये.)

युनिव्हर्सलच्या रात्री म्हणजे अंधारी घरे. एकेका घरासाठी तासभर, गर्दी असली तर त्याहून अधिक, रांगेत उभे राहायचे व आतून चार-पाच मिनिटांत बाहेर पडायचे. कोपऱ्याकोपऱ्यावर रंगवलेले नट दबा धरून असतात. ते अंगाला हात लावीत नाहीत. मात्र तेरा वर्षांखालील मुलांना आणू नये असे उद्यानच सांगते. तेव्हा हा खेळ पोरांचा आहे ही आपली समजूत मुळातच चुकीची. तो मोठ्यांसाठीच मांडलेला आहे. दारूही विकली जाते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास तिचा परिणाम रांगेत दिसतो. ते मला आवडले नाही.

मी गेलो त्या वर्षी 'हॅलोविन' या 1978 सालच्या चित्रपटावर एक घर रचले होते व रांगेत त्याची धून वाजत होती. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनीच ती बांधली आहे. त्यांचे वडील संगीताचे प्राध्यापक. पाच मात्रांचा हा ठेका त्यांनी मुलाला लहानपणी बोंगोवर शिकवला होता. बारीक मोजले तर दहा मात्रा, विभाग तीन-तीन-दोन-दोन. चार-चारच्या चालीला सरावलेला कान त्यात पाय टेकायला जागा शोधतो आणि ती त्याला मिळत नाही. भीतीचा अर्धा कारभार तिथेच उरकतो. झपतालावर वाढलेल्या माझ्यासारख्याचे मात्र भलतेच झाले. दोन-तीन-दोन-तीनशी ताडून पाहत मी हातावर मात्रा मोजत राहिलो आणि घाबरायचे राहूनच गेले.

दुसऱ्या घरात मात्र दचकलो, आणि चांगलाच. तिथे भूत आले ते आवाजाबरोबर नव्हे, आवाज थांबल्यावर. माझे वडील राजवाड्यात गाणाऱ्यांपैकी. संस्थान 1949 साली विलीन झाले तेव्हा ते कोवळे तरुण होते; नंतरही सणासुदीला तिथे त्यांचे गाणे होत असे. मी त्यांच्या उतारवयातला. ते शिकवीत, "समेची वाट पाहायला लाव, आणि सारे मान हलवायला तयार झाले की गप्प बस." त्या घराच्या रचनाकाराला ही विद्या कुठून मिळाली कोण जाणे!

आता मूळ प्रश्न. भीतीत सुख कसले, असे कोणी विचारील. नाट्यशास्त्राने आठ रसांत भयानकाला जागा दिली आहे, हे आपल्याला नवे नाही. अभिनवगुप्तांनी त्यासाठी शाकुंतलातील बाणापुढे पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले. ती भीती माझी नाही, तुमची नाही, त्या एका हरणाचीही नाही. म्हणूनच ती चाखता येते. पण त्यांनी रसातली विघ्नेही सांगितली आहेत, आणि त्यांत एक आहे ते प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला असणे. डेन्मार्कमधील आरहुस विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच एका भुताच्या घरात 110 माणसांच्या हृदयाचे ठोके मोजले. 2020 साली त्यांनी लिहिले की भीती फार थोडी झाली तर मजा नाही, फार झाली तरी नाही. आनंद मधल्या टापूत आहे. हा मधला टापू प्रत्येकाचा निराळा असणार, आणि केवळ वयावरून तो ठरत नाही.

म्हणून मी भाच्याला म्हटले, "ती घाबरेल की नाही हे तू ठरवू नकोस. कोणत्या घरात काय मांडले आहे ते तिला सांग." विधवा आई म्हणजे घरी बसवून नातवंडे सांभाळायला ठेवायची बाई, असे आपल्या चांगल्या घरांतूनही न बोलता चालते. तिचे रक्षण करतो आहोत असे आपल्याला वाटत असते. आपल्याच गावात नवरात्रात साठीच्या बायका मध्यरात्रीपर्यंत गरब्यात फिरतात. त्यांना कोणी वय विचारीत नाही.

दुसरा पर्याय डिस्नेचा, तोही सांगितला. मॅजिक किंगडममधील मिकीची हॅलोविन पार्टी 1995 पासून चालू आहे. तिथे घाबरवीत नाहीत. मिरवणूक निघते, तिच्यापुढे मुंडके नसलेला घोडेस्वार दौडत जातो, गोळ्या-चॉकलेटे वाटतात. एरवी चौदा वर्षांच्या पुढच्यांना तिथे सोंग घेऊन येता येत नाही, त्या रात्री ती मुभा असते. युनिव्हर्सलमध्ये पाहुण्याने सोंग घ्यायचेच नाही. एकीकडे तुम्ही प्रेक्षक, दुसरीकडे स्वतःच पात्र. ज्याला नटण्याची हौस आहे त्याने मिकीकडे जावे. लहान मूल बरोबर असलेच पाहिजे असे नाही. गुडघे दुखणाऱ्याने मात्र दोन्हीकडे विचार करूनच जावे. फ्लोरिडाचा उकाडा व अचानक येणारा पाऊस सप्टेंबरातही सोडत नाही.

ताईने यादी ऐकून घेतली. एका घरात इस्पितळ मांडले होते. ते तिने काढून टाकले, कारण सांगितले नाही. एकात विहिरीतली बाई होती. "तिला येते," म्हणाली, "आजीने आपल्याला ती पुष्कळदा भेटवली आहे." नारायण धारपांची पुस्तके दिवाळीच्या सुट्टीत मला पहिल्याने आणून दिली ती हिनेच, हे मी विसरूनच गेलो होतो.

ती दोन घरांत गेली. इस्पितळाच्या वेळी बाहेर बाकावर बसून तिने आइस्क्रीम खाल्ले. दुसऱ्या दिवशी फोनवर पहिल्यांदाच तिचा आवाज पूर्वीसारखा लागला. म्हणाली, "अरे, एक भूत असे अंगावर आले की मी त्याला 'हळू रे बाबा' म्हटले. मराठीतच! तोही बिचारा क्षणभर थांबला." मग थोरल्या नातीने भिऊन तिचा हात घट्ट धरला होता, असे ती सांगत होती. मागून नात ओरडली, आजीनेच धरला होता.