वर्षाला २१,००० रुपये!

मंडळाची थंडीतली सहल यंदाही सखीरच्या वाळवंटात झाली. तंबू, शेकोटी, मिसळ, अंताक्षरी... सगळं कसं झकास! मग गप्पांच्या ओघात एक सद्गृहस्थ म्हणाले, "तिकडे सरकार म्हाताऱ्यांना फुकट पैसे वाटतंय, आणि टॅक्स भरायचा आपण!" (इथल्या पगारावर आपण आयकर भरत नाही, हे त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही.)

त्या 'फुकट' पैशांचा हिशेब एकदा मांडू या. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. २०२३ च्या जुलैपूर्वी १,००० होते. आपले सहा-सात दिनार! शेकोटीच्या लाकडांना त्याहून जास्त गेले असतील.

पण माझं भांडण रकमेपेक्षा अटीशी आहे. कुटुंबाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याचं नव्हे हो, वर्षाचं! रोज ४०० रुपये मजुरी मिळवणारा माणूस त्रेपन्नाव्या दिवशी ही मर्यादा ओलांडतो. २०२३ साली रक्कम वाढवताना या आकड्याला कुणी हात लावला नाही. आणि २०२४ साली आलेली लाडकी बहीण योजना बघा. तिथेही रक्कम १,५००च, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, वय २१ ते ६५. म्हणजे दोन लाख उत्पन्नाच्या घरातली बाई चौसष्टाव्या वर्षी सरकारची लाडकी. आणि पासष्टी उलटली, गुडघे गेले, की तिने २१ हजारांत बसून दाखवायचं. हा कुठला न्याय?

त्याच सहलीत तंबू ठोकायला रत्नागिरीकडचा एक मुलगा आला होता. त्याच्या आईने गावी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी विचारल्यावर खरं ते सांगितलं, "मुलगा बाहरीनला असतो, महिन्याला थोडे पाठवतो." झालं, दाखला मिळाला नाही, अर्ज तिथेच अडला. तो ४० दिनार पाठवतो. त्यातले बरेचसे त्याच्या व्हिसासाठी काढलेल्या कर्जात जातात. शेजारच्या आजींनी मुलाचं नावच काढलं नाही, त्यांचे पैसे सुरू आहेत. या योजनांत लबाडी होते, मान्य. पण खरं बोलणाऱ्यालाच बाहेर काढणारी अट ठेवल्यावर दुसरं काय होणार?

२०२४ च्या मार्चपासून आपल्या नोकरीअखेरच्या रकमेचा हप्ता कंपन्यांना दरमहा इथल्या सोशल इन्शुरन्सकडे भरावा लागतो. त्यावर आपण किती रात्री चर्चा केली, आठवतंय ना? आपल्या म्हातारपणाचा हिशेब आपल्याला फिल्सपर्यंत कळतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या कार्यक्रमाला महाराष्ट्रातून कुणी आमदार किंवा मंत्री पाहुणे आले, तर शाल-श्रीफळ देण्याआधी त्यांना एवढंच विचारा, "साहेब, २१,००० चे किमान अडीच लाख कधी करताय?" सूत्रसंचालकांना वेळ नसेल, तर माईक माझ्याकडे द्या.