किल्ली घेणाराची जबाबदारी

मोठ्या शहरांतील हॉटेलें, मंगल कार्यालयें व मोटारदुरुस्तीचीं गॅरेजें यांच्या दारांत "गाडी मालकाच्या जोखमीवर ठेवावी" अशी पाटी हल्लीं सर्रास दिसते. गाडीला पोंचा पडला, आरसा फुटला, अथवा गाडीच नाहींशी झाली, कीं त्या पाटीकडे बोट दाखवून मालकास वाटेला लावण्यांत येतें. आणि मालकही नशिबास दोष देत दुरुस्तीचा खर्च पदरचा भरतो. ही पाटी कायद्याच्या कसोटीस किती उतरते, हें आमच्या वाचकांनीं, विशेषतः व्यापारी बंधूंनीं, नीट समजून घेतलें पाहिजे.

सन १८७२ चा करारांचा कायदा याविषयीं स्पष्ट आहे. दुसऱ्याची वस्तु ताब्यांत घेणारानें, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी तिची घेतली पाहिजे, असें कलम १५१ सांगतें. आणि तितकी घेतली असल्यास कलम १५२ त्यास मोकळा करतें. तेव्हां सारा प्रश्न ताब्याचा आहे. जागेचें भाडें देऊन मालकानें किल्ली आपल्याच खिशांत ठेवली, तर गाडी सोंपविली असें म्हणणें कठीण. किल्ली दुसऱ्याच्या नोकराच्या हातीं गेली, कीं गोष्ट निराळी.

दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलाच्या खटल्यांत हाच वाद होता. १९९८ सालीं एका पाहुण्यानें किल्ली हॉटेलाच्या नोकराकडे दिली व त्याच रात्रीं गाडी चोरीस गेली. विमा कंपनीनें मालकाची भरपाई केली व पुढें त्याच्या हक्कानें हॉटेलावर दावा लावला. हॉटेलानें चिठ्ठीवरील जोखमीच्या अटीचा आधार घेतला. परंतु १४ नोव्हेंबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल हॉटेलाविरुद्ध दिला. योग्य काळजी घेतली होती हें दाखविण्याचा भार ताबा घेणारावर आहे, आणि स्वतःच्या वा नोकरांच्या हयगयीस असली अट पांघरूण घालूं शकत नाहीं, हें त्या निर्णयाचें सार होय. विमा कंपनीनें पैसे भरले म्हणून हयगय करणारा सुटत नाहीं, हेंही त्यावरून उघड होतें.

गॅरेजवाल्यांस तर कलम १५४ विशेष लागू पडतें. दुरुस्तीस आलेली गाडी घेऊन कारागीर स्वतःच्या कामासाठीं फिरावयास गेला व अपघात झाला, तर ती भरपाई गॅरेजवाल्यासच द्यावी लागेल. उलट, काम चोख केल्यावर मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क कलम १७० नें त्यासच दिला आहे. कायदा एकाच्याच पक्षाचा नाहीं.

कोणी म्हणेल, ही सोय आम्ही फुकट देतों. पण ती पाहूनच गिऱ्हाईक दाराशीं येतें. तिचा नफा घ्यावयाचा आणि भार मात्र झटकावयाचा, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

आमची सूचना साधी आहे. गाडी घेतांना तिच्यावरील ओरखडे व पोंचे यांची नोंद करून उभयतांच्या सहीची पावती द्यावी. मालकानेंही जागा सोडण्यापूर्वीं गाडी पाहून तक्रार लेखी नोंदवावी, आणि दाद न लागल्यास दोन वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावें. नगरपालिकांनींही ठेके देतांना हीच अट घालावी. पाटी रंगविण्यापेक्षां पहारेकरी नेमणें अधिक खर्चाचें खरें. पण पेढीची पत पाटीनें राखली जात नसते.