वर्ग-२ ची जमीन आणि दलालाचा स्टॅम्पपेपर

नागपूर शहर चारही दिशांनी पसरत आहे. २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि कुही तालुक्याचाही काही भाग त्याच्या कक्षेत आला. २०२४ मध्ये अंभोऱ्याचा वैनगंगेवरील पूल वाहतुकीस खुला झाला. रस्ता आला, पूल आला की मागोमाग दलाल येतोच! कुही, मांढळ, वेलतूरच्या परिसरात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकणाऱ्यांची आज कमी नाही. त्यांचे गिऱ्हाईक कोण? निवृत्तीचा पैसा हाती आलेला आमचा रेल्वेतला, मिलमधला, शिक्षण खात्यातला माणूस. आणि त्यांना जमीन विकणारा कोण? अनेकदा तोही आमचाच भूमिहीन बांधव, ज्याला एका पिढीपूर्वी सरकारी पट्टा मिळाला होता.

या व्यवहारात दोघेही नागवले जातात. म्हणूनच खरेदीपूर्वी कागद तपासणे ही केवळ घरगुती सावधगिरी नाही, तो समाजाच्या जमिनीचा प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

आपल्या लोकांना जमीन कोणी दानात दिलेली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंग भोगला. पडीक जमिनीचे पट्टे, १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याखालील अतिरिक्त जमिनीचे वाटप आणि २००४ पासूनची दादासाहेबांच्याच नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना यांच्यामागे हा भूमिहीनांचा प्रश्न उभा आहे. सरकारी पट्ट्याची जमीन सातबाऱ्यावर बहुधा 'भोगवटादार वर्ग-२' म्हणून नोंदली जाते. याचा अर्थ असा की, सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. ही अट म्हणजे गरिबाच्या जमिनीभोवती कायद्याने घातलेले कुंपण आहे.

दलाल या कुंपणाला खिंडार पाडतो ते शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. इसारपत्र, आममुख्त्यारपत्र, ताबापत्र, नोटरीचा शिक्का, आणि सांगतो, "रजिस्ट्री नंतर करून देतो." ही रजिस्ट्री कधीच होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ स्पष्ट सांगते की, विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हेच ठणकावले. आममुख्त्यारपत्रावर केलेली विक्री ही विक्रीच नव्हे. पुढे शर्तभंगाची चौकशी लागली तर वर्ग-२ ची जमीन सरकारजमा होऊ शकते. तेव्हा घेणाऱ्याचा पैसा बुडतो आणि विकणाऱ्याची जमीन जाते. दलालाची दलाली तेवढी शाबूत राहते!

दुसरा भ्रम सातबाऱ्याचा. "सातबारा नावावर आहे ना, मग झाले," असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. वास्तविक सातबारा हा महसुलाचा कागद आहे. महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार त्यावरील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी समजली जाते, एवढेच. मालकी सिद्ध होते ती विक्रीपत्र, वाटणीपत्र, वारसहक्क यांच्या साखळीतून. म्हणून सातबारा नुसता पाहू नका, वाचा. भोगवटादाराचा वर्ग कोणता? 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कूळ, पुनर्वसनाची नोंद किंवा हस्तांतरणाची बंदी आहे काय? प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल पटवाऱ्याकडून काढा. दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध घ्या. भूमी अभिलेखची मोजणी करून कागदावरील जमीन आणि पायाखालची जमीन एकच आहे, याची खात्री करा.

कुहीत पुनर्वसनाच्या नोंदीला विशेष महत्त्व आहे. १९८८ मध्ये गोसीखुर्दचे भूमिपूजन झाले आणि पुढे या तालुक्यातील अनेक गावे बुडिताखाली गेली. विस्थापितांना भूखंड मिळाले ते अटींसह. प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील जमिनीवरही पुनर्वसन कायद्याची बंधने असू शकतात. तेव्हा भूखंड वाटपाचा मूळ आदेश पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. आदिवासी बांधवांची जमीन तर कलम ३६-अ खाली संरक्षित आहे. स्वतःच्या जमिनीसाठी लढलेल्या समाजाने गोंडाची जमीन फसव्या कागदावर घेणे हा आंबेडकरी विचाराचाही द्रोह ठरेल.

आणखी एक सही नेहमी विसरली जाते, ती म्हणजे बहिणीची. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. स्त्रियांच्या हक्कांसाठी हिंदू कोड बिल मांडणाऱ्या बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी तरी बहिणीला वगळून रजिस्ट्री करू नये. अशा व्यवहारावर उद्या दावा आला तर तो खरेदीदाराच्याच गळ्यात पडतो.

प्लॉटच्या बाबतीत तुकडेबंदीचे नियम अलीकडे अनेकदा सैल झाले. "आता सगळे खुले झाले," असे सांगून दलाल त्याचाच फायदा उठवतो. सवलत सरसकट नसते, तिला अटी असतात. सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेला नकाशा मागा. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवर लेआउट टाकून प्लॉट विक्रीला काढले असतील तर महारेराचा नोंदणी क्रमांकही मागा. नकाशा दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून जमीन घेऊ नये.

शासनाची जबाबदारी यातून सुटत नाही. वर्ग-२ चे वर्ग-१ करण्याचे नियम २०१९ मध्ये आले. पण तो मार्ग अधिमूल्याचा, म्हणजे पैशाचा आहे. ज्याच्या घरात मुलीचे लग्न किंवा दवाखाना उभा आहे, तो पट्टेदार अधिमूल्य कोठून भरणार? त्याला अडचणीत वेळेवर कर्ज मिळाले तर तो दलालाच्या दारात जाणार नाही. नुसती बंदी गरिबाला वाचवत नाही, हे राज्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे.

तोवर काम आपल्यालाच करायचे आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला १९८७ च्या कायद्याने मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. गावोगावच्या बुद्धविहारांत रविवारी वंदनेनंतर तासभर सातबारे वाचले जावेत. समाजातील वकील, निवृत्त पटवारी, शिक्षक यांनी ही जबाबदारी उचलावी. तुरुंग भोगून मिळवलेली जमीन स्टॅम्पपेपरवर घालवण्याइतका आपला समाज आता अडाणी राहिलेला नाही, हे आपण कृतीने दाखवून द्यावे!