हौदा मोठा, पण माल कोणता?



'पिकअप घ्यायचीच तर सर्वांत लांब हौद्याची घ्या' हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला सरसकट पटत नाही. आमच्याकडे टोमॅटो क्रेटमधून जातो. क्रेट साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद असेल, तर आठ फुटी हौद्यात लांबीच्या चार ओळी बसतात. नऊ फुटीतही चारच! क्रेट आडवे लावले तरी दोन्हीत सहा. वाढीव फुटाचे पैसे मोजून मिळते ती फक्त मोकळी जागा. दहा फुटीत मात्र पाचवी ओळ बसते.

सिमेंटचे गणित निराळे. दीड टनाची क्षमता तीस गोण्यांतच संपते, हौदा भरायचा राहतो. मग 'जागा आहे, टाका अजून चार' सुरू होते. वजन मागच्या चाकांपलीकडे गेले की घाटात स्टिअरिंग हलके पडते. वीस फुटी पाइपांना तर दहा फुटीही अपुरीच. कोथिंबीर, मेथी, फुले असा हलका पण जागा खाणारा माल नेणाऱ्यांनी मात्र लांब हौदा जरूर घ्यावा.

बांधावर लांब गाडी वळते का, हे पत्रलेखकाने विचारातच घेतलेले नाही. खरेदीआधी शोरूममध्ये टेप घेऊन जा आणि फाळका बंद करून हौदा आतून मोजा.

— एक टोमॅटो उत्पादक, नारायणगाव (ता. जुन्नर)